बुधवारचं नाव

नकाशाची नक्कल मागायला आलेल्या माणसानं सहज म्हणून नाव विचारलं, सांडूनं ते सांगितलं, आणि त्या माणसानं डोक्याचा पटका काढून हातात घेतला. "सांडू योसेफ साळवे? म्हंजे ते तुमीच व्हय?" सांडूच्या हातात रेघ ओढायचं पेन होतं. टेबलावर ट्रेसिंगचं कापड ताणून बसवलेलं होतं आणि एका पाझर तलावाच्या बांधाची रेघ निम्म्यावर आली होती. रेघ चालू असताना साळवे कुणाशी बोलत नाही, हे पाटबंधारे खात्याच्या त्या लांबट खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. मान वर न करता तो म्हणाला, "मीच. का?" "काय नाय. मला वाटायचं तुमी लई म्हातारे असताल." माणूस संकोचून हसला. "मी कडूबा. करमाडचा. आपल्यातलाच. आमी दर बुधवारी तुमचं नाव घेतो की सायेब, प्रार्थनेत. सात वर्षं झाली असतील. आमच्या गावात घेतेत, तिकडं दौलताबादला बी घेतेत. मनकर्णाबाईनं लावून दिलंय. 'देवबापा, सांडूला सोडू नको.' आमच्या पोरासोरांना बी पाठ झालंय."

पेन थांबलं. पण पेन थांबलं म्हणून शाई थांबत नाही. ती कापडावर उतरत राहिली, आधी मोहरीएवढी, मग हरभऱ्याएवढी, आणि बांधाच्या पोटात एक काळा डाग फुगत गेला. सांडू त्या डागाकडं बघत राहिला. आपण उठून उभे आहोत हे खुर्ची मागं पडल्याच्या आवाजावरून त्याला कळलं. "कुणाला विचारून?" तो ओरडला. "कुणाला विचारून घेता माझं नाव?" हेड ड्राफ्ट्समन काकासाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. कडूबा दोन पावलं मागं सरकला. "चुकलं का काय सायेब? वाईट नाय ओ घेत. चांगल्यासाठीच घेतो." पलीकडच्या टेबलावरचा हबीब ट्रेसर मजेत म्हणाला, "अरे मियाँ, दुआच तो कररे लोगां. गाली तो नै देरे! हमारे वास्ते तो घर में बी कोई नै करता." खोली हसली. काकासाहेबसुद्धा हसले आणि म्हणाले, "साळवे, भाग्यवान आहात की. गावोगाव तुमचा जप चाललाय म्हणा." सांडू बाहेर गेला.

बाहेर नळ होता. त्यानं तोंडावर पाणी मारलं, पण पाणीही उन्हानं तापलेलं. करमाड. दौलताबाद. किल्ल्याच्या पायथ्याशी कुठल्यातरी घरात, शेरडं बांधलेल्या ओसरीत, त्यानं आयुष्यात न पाहिलेली माणसं डोळे मिटून त्याचं नाव उच्चारत होती. नाक शिंकरून, घसा खाकरून, 'सांडूला सोडू नको.' आपला घातलेला सदरा आपण झोपेत असताना कुणी नेऊन गावभर फिरवावा आणि पहाटे पुन्हा खुंटीला आणून अडकवावा, तसं त्याला वाटलं, आणि अंगावरच्या सदऱ्याचीच त्याला किळस आली. पोरांना पाठ झालंय! त्या पोरांच्या डोक्यात सांडू म्हणजे काय असेल? दारुडा? महारोगी? घर सोडून पळालेला? आणि हे सगळं कुणी लावून दिलं, तर मनकर्णाबाईनं. दुसरं कुणीही असतं, तर त्यानं कदाचित खुर्ची उचलून पुन्हा जागेवर ठेवली असती, ब्लेडनं डाग खरवडला असता आणि रेघ पुरी केली असती.

मनकर्णाबाई मिशनची बायबलबाई, गावोगाव फिरून बायबल सांगणारी. पांढरं लुगडं, खांद्याला झोळी, उंच, हाडकुळी, बोलायला फटकळ. तिच्या पायाखालून आसपासचं एकही गाव सुटलं नव्हतं. सांडूच्या लहानपणी ती त्याच्या आईकडं यायची आणि दोघी चुलीपुढं बसून गुडघे टेकायच्या. आईची त्याच्याआधीची लेकरं जगली नव्हती. हा तरी राहावा म्हणून तिनं त्याला उकिरड्यावर ठेवून उचलून आणलं, सांडलेला, टाकून दिलेला म्हणून सांडू अशी हाक मारली, आणि शिवाय प्रार्थनाही केली. दोन्ही दारं तिनं वाजवून ठेवली होती. मनकर्णाबाईला त्यातलं पहिलं पसंत नव्हतं, पण नाव तेच राहिलं. त्याच मनकर्णाबाईनं त्याच्या पोरीला मातीत ठेवल्यावर तिसऱ्या दिवशी, भरल्या घरात, सतरंजीवर बसलेल्या सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "साळवे, प्रार्थना कमी नाय पडली. विश्वास कमी पडला."

विश्वास कमी पडला. हे वाक्य त्यानं सात वर्षं बाळगलं होतं, चपलेत खिळा बाळगावा तसं. पाऊल कसं टाकलं की टोचत नाही हे त्याला माहीत झालं होतं, आणि आता तो तसाच चालत होता. कारण त्या दिवसांत त्याच्यासारखी प्रार्थना कुणीच केली नव्हती. मंडळी घरी जमली होती, ओसरीत गाणी म्हणत होती, मोठ्यानं रडून मागत होती, मध्येच चहा पीत होती. तो दवाखान्याच्या व्हरांड्यात शहाबादी फरशीवर कपाळ टेकून होता. पोरीचा श्वास आतून ऐकू यायचा, ओली दोरी लाकडावरून ओढावी तसा, आणि प्रत्येक ओढीला तो म्हणायचा, आणखी एक, देवा, आणखी एक. त्यानं सौदा केला नव्हता. मला ने, तिला ठेव, असलं काही तो म्हणाला नव्हता. तो फक्त मागत होता आणि त्याची खात्री होती. इतकी खात्री, की दुपारी डॉक्टर बाहेर आले तेव्हा ती बरी झाल्याचं सांगायलाच आलेत असं समजून तो हसला होता. डॉक्टरांपुढं तो हसला होता! ते हसू त्याच्या तोंडावर राहून गेलं होतं आणि ते कसं काढायचं हे त्याला समजत नव्हतं. आणि ही बाई सांगते विश्वास कमी पडला.

त्यानंतर तो चर्चला गेला नाही. पाळकसाहेब दोनदा आले, त्यानं त्यांना पाणी दिलं आणि पाटबंधाऱ्यांविषयी बोलला. पण खरी झुंज कुणाला दिसली नव्हती. पोरगी गेल्यावरही कितीतरी दिवस त्याचे ओठ मागतच होते. सायकलवरून स्टेशन रोडनं जाताना, दाढी करताना, नकाशावर आकडे घालताना तो स्वतःला पकडायचा: तिला वाचव, आणखी एक, आणखी एक. जी मातीत आहे तिच्यासाठी. तोंड घाण्याला जुंपलेल्या बैलासारखं त्याच फेऱ्यात फिरायचं. मग तो ओठ दाताखाली धरायचा, पाढे म्हणायचा, रस्त्यावरच्या दुकानांच्या पाट्या उलट्या वाचायचा. एक पावसाळा आणि एक हिवाळा गेला, तेव्हा कुठं ते बंद झालं. आपल्या हातानं त्यानं ते मारलं होतं. आणि आता कळत होतं की ते मेलंच नव्हतं. त्या बाईनं ते उचलून नेलं होतं आणि गावोगावच्या तोंडांत पेरलं होतं.

संध्याकाळी तो पदमपुऱ्यातल्या घरी आला तेव्हा वच्छला, त्याची बायको, उंबऱ्याशी ताटात ज्वारी निवडत बसली होती. सायकल भिंतीला न टेकवताच त्यानं विचारलं, "मनकर्णाबाईला तू सांगितलंस का?"

"काय?"

"माझ्यासाठी प्रार्थना करा म्हणून. करमाडपर्यंत माझ्या नावाचा बोभाटा झालाय. आज ऑफिसात एक माणूस येऊन सांगून गेला, सगळ्यांसमोर. दर बुधवारी घेतात म्हणे. सात वर्षं."

वच्छलाचे हात थांबले. तिनं विचारलं, "फक्त तुमचं?"

"काय फक्त माझं?"

"नाव ओ. फक्त तुमचंच घेतेत का? का माझं बी घेतेत?"

हा प्रश्न त्याला सुचलाच नव्हता. कडूबाचं बोलणं त्यानं मनात पुन्हा चाळलं. सांडूला सोडू नको. तेवढंच. तो म्हणाला, "मला काय माहीत."

"म्हंजे नाय घेत." तिनं एक खडा उचलून अंगणात भिरकावला. "लेकरू काय एकट्या तुमचंच होतं? तिची वेणी कोण घालत होतं? तिचा घसा कोण शेकत होतं? तुम्ही फरशीवर डोकं टेकून बाहेर पडलेला, आत तिचा हात कुणाच्या हातात होता? आन् माझ्यासाठी करमाडला कोण हाय? दौलताबादला कोण हाय?" तिचा आवाज चढत गेला, शेजारच्या ताहेराबी दारात येऊन पुन्हा आत गेल्या. "चर्चला जायचं मी बी सोडलं. तुम्ही जाऊ नको म्हणला नव्हता. पण मी पदर सावरून निघाले की तुम्ही दारात उभं राहून बघायचात. त्या बघण्याला भिऊन सोडलं. तवा एकानं तरी विचारलं का, वच्छला का येत नाय? लोक म्हणले, साळवेंनी सोडलं. साळवेंच्या मागं मी होते का नव्हते, कुणाला पत्ता नाय. आन् वरून तुम्ही मला राग दाखवता, की लोक तुमच्यासाठी मागतेत!" तिनं ताट ढकललं. ज्वारी उंबऱ्यावरून अंगणात उधळली. ती उठून आत गेली, आणि सांडू एवढ्या पसरलेल्या दाण्यांत पाय कुठं ठेवावा ते न कळून उभा राहिला.

पुढचा दिवस त्या घरात कुणी बोललं नाही. तशी त्यांना सवय होती. पोरीचं नाव त्या घरात घेतलं जात नसे. कुणी ठरवलं नव्हतं, पण ते गेलं आणि त्याच्यामागोमाग इतरही पुष्कळ शब्द गेले, शाळा, रिबन, खोकला, आणि उरलेल्या शब्दांत दोघं संसार करत होती. भाकर घ्या. पाणी आलं. सायकल पंक्चर. सांडू ऑफिसात डागाळलेलं कापड बाजूला टाकून तोच बांध पुन्हा पहिल्यापासून काढायला बसला आणि डोक्यात बुधवारचं भाषण जुळवत राहिला. तो जाणार होता. त्या बाईच्या दारात उभा राहून सगळ्यांसमोर सांगणार होता, जसं तिनं सांगितलं होतं सगळ्यांसमोर. बाई, तुम्ही माझ्या पोरीच्या तिसऱ्या दिवशी मला गुन्हेगार ठरवलंत आणि मग माझ्यासाठी दया मागत फिरलात. आधी माणसाचा पाय मोडायचा आणि मग त्याच्या नावानं कुबड्या गोळा करायच्या. वाक्य त्याला आवडलं. त्यानं ते दोन-तीनदा घोळवलं. हबीबनं हळूच विचारलं, "साळवेभाई, अबी बी गुस्से में?" सांडूनं मान हलवली. हबीब म्हणाला, "करो गुस्सा. पन जाके सामने करो. ये नक्शे पे कायकू कररे, कपड़ा फट जाता."

बुधवारी ऑफिस सुटल्यावर तो सायकलवर टांग टाकून निघाला. छावणीतल्या मिशनकडं जाणारा रस्ता त्यानं सात वर्षं टाळला होता; कामच पडलं तर लांबून, नगर नाक्यावरून जायचा. आज तो सरळ गेला. खाम नदीच्या पुलाखाली पाणी नव्हतंच, नुसता काळा गाळ आणि त्यात उभ्या म्हशी. ऊन उतरलं होतं. मिशनच्या आवारात पूर्वीचीच कडुनिंबाची झाडं होती आणि त्यांच्यामागं बैठ्या खोल्यांची ओळ. शेवटच्या खोलीच्या दाराशी चपला पडलेल्या. भाषणाचं पहिलं वाक्य जिभेच्या टोकावर तयार होतं. दारात मात्र तो थांबला. आत पाच-सहा बाया भिंतीला टेकून बसल्या होत्या, करमाडहून आलेला कडूबा पोतं अंथरून दाराजवळ, आणि लोखंडी खाटेवर मनकर्णाबाई. तिची उंची कुठं गेली कळत नव्हतं. केस पार पांढरे, डोळ्यांवर दुधाळ साय, आणि मान अशी तिरकी धरलेली की कान पुढं यावा. तिला दिसत नव्हतं. कडूबानं सांडूला पाहिलं आणि तो धडपडत उठायला लागला. सांडूनं त्याला हातानं खाली बसवलं. आधी ऐकायचं होतं. कानानं ऐकून मगच तोंडावर टाकायचं होतं.

प्रार्थना चालू होती. कुणाच्या सुनेचं बाळंतपण अडलं होतं, त्याचं मागणं झालं. कुणाचा मुलगा नोकरीसाठी भिवंडीला गेला होता, त्याचं नाव घेऊन झालं. आवाराबाहेरच्या वहाब टांगेवाल्याच्या सुजलेल्या पायासाठी मागून झालं. मग मनकर्णाबाई म्हणाली, "आता सांडू." तिनं दोन्ही हात गुडघ्यांवर टेकले. आवाज प्रार्थनेचा नव्हता. नळावर रांग मोडून पुढं घुसलेल्याशी भांडावं, तसा होता.

"देवबापा, मी परत आले. तू ऐकत नाय म्हणून परत येते. सांडूला चर्चमंदी आण असं मी म्हणत नाय, ते पाळकसायेब म्हणतेत. मी म्हणते, तू त्याच्याकडं जा. तू जा! त्यानं हाक मारली तवा तू कुठं व्हतास ते त्याला सांग. मी त्याला म्हणले, तुझा विश्वास कमी पडला. म्हणले मी. मला काय माहीत व्हतं कमी का जास्त? मी काय मोजून पाहिला व्हता? खरं असंल तर खरं म्हण. खोटं असंल तर माझ्या तोंडात माती घाल, पण गप बसू नको. माझे डोळे नेलेस, त्याच्यावर मी काय बोलले नाय. पण ह्याच्यावर मी बोलणार. त्याची मालिनी तापानं गेली, पाच वर्षांचं लेकरू..."

हा राग सांडूचा होता. त्या रात्री नाही, त्या दुपारी नाही, पण नंतर हजारदा त्यानं हेच म्हणायला हवं होतं आणि म्हटलं नव्हतं. त्यानं पाठ फिरवली होती, पाट्या उलट्या वाचल्या होत्या, आणि त्याच्या वाट्याचं भांडण ही आंधळी म्हातारी इथं बसून करत होती, त्याच्याहून चांगलं, त्याच्याहून निर्भयपणे. त्याचं भाषण कुठल्या कुठं गेलं. कुबड्या, पाय, काही आठवेना. हिला हक्क काय? आणि त्यात ते नाव आलं.

"शालिनी!" तो ओरडला.

खोलीतल्या सगळ्या बायांनी डोळे उघडले. आपण काय उच्चारलं हे त्याला आवाज थांबल्यावर कळलं.

"कोण हाय?" मनकर्णाबाईनं मान फिरवली.

"बाई, ते..." कडूबा पुटपुटला, "सांडू सायेब आलेत."

बाई रडली नाही, हात जोडले नाहीत, देवाचे आभार मानले नाहीत. "बसा," ती म्हणाली.

"बसायला आलो नाही. हे बंद करा सांगायला आलो."

"नाय करणार."

"नाव माझं आहे!"

"तुमचंच हाय. मी कुठं माझं म्हणते? पण घेणार."

"मला न विचारता?"

"तुम्हाला काय विचारायचं, साळवे? तुमच्याशी माझं भांडण नाय. माझं भांडण वर हाय. तुमच्याशी असतं तर मागंच पदमपुऱ्यात आले नसते का?"

"मग नीट तरी करा!" तो चौकटीवर मूठ आपटून म्हणाला. "मालिनी कोण? मालिनी नाही, शालिनी. पाच नाही, सहा. आणि ताप कसला? घटसर्प झाला होता तिला, घसा बंद झाला होता. सात वर्षं भलत्याच पोरीचं गाऱ्हाणं सांगताय त्याला, कोण उत्तर देणार? तापानं गेली म्हणे! तुम्ही ऐकलं होतं का तिला श्वास घेताना? डावखुरी होती ती. शाळेतल्या बाईंनी हात बांधून ठेवला तर उजव्या हातानं लिहायला शिकली आणि घरी येऊन डाव्यानं पुसायची. माझ्या टेबलाजवळ उभी राहायची, ऑफिसचं काम घरी आणलं की. डिव्हायडरला ती माणूस म्हणायची, दोन पायांचा. मी तो नकाशावरून चालवत न्यायचो, करमाडपासून चितेगावापर्यंत, आणि ती विचारायची, हा दमत नाही का? दमत नाही का विचारायची! हे सांगा त्याला. हे तुम्हाला कुठं माहीत आहे? तुम्हाला एक वाक्य माहीत, तेवढं तुम्ही बोलून गेलात..." घोगऱ्या, तुटक आवाजात, शिव्या द्याव्यात तसं तो सांगत राहिला: तिला साय आवडायची नाही, शिंगं रंगवलेल्या बैलांना ती भ्यायची, चर्चमधल्या पेटीच्या भात्यात कुणीतरी राहतं असं तिला वाटायचं. बाया ऐकत होत्या. एकीचे ओठ हलले, शालिनी, मग दुसरीचे. कडूबाही तेच पुटपुटत होता, विसरू नये म्हणून.

सांडू खाली बसला होता, कडूबाच्या पोत्याच्या कडेवर. कधी बसला ते त्यालाच माहीत नव्हतं. कुणीतरी पाण्याचा तांब्या पुढं केला, त्यानं तो परतवला. "आणि वच्छलाचं नाव का घेत नाही?" तो म्हणाला. "तिचं कुणी घ्यायचं?"

"वच्छला कोण?"

"माझी बायको! शालिनीची आई."

बाईची बोटं गुडघ्यावर चाचपडत राहिली. "तिला मी काय बोलले नव्हते," ती म्हणाली.

"ती दाराआड होती. तिनं सगळं ऐकलं. तुम्ही मला म्हणालात. तिला वाटलं, दोघांना."

मनकर्णाबाईनं पदर तोंडाला लावला आणि तसाच धरून ठेवला. बाहेर टांग्याची घंटा वाजत गेली. मग पदर काढून ती म्हणाली, "तिचं मी आज घेतलं तर नुसते ओठ हलवायचे होतील. मला तिचं तोंड बी आठवत नाय, साळवे. सात वर्षांत एकदा तरी ध्यानात यायचं, तर नाय आलं. उद्यापासून शिकंन मी. आज तुम्ही घ्या."

"मी प्रार्थना करत नाही."

"ते मला सांगू नका. मी काय पाळक हाय का?"

तो उठला. सलाम न करता बाहेर पडला. सायकल हातात धरून तो रागानं आवाराबाहेर आला. म्हातारीनं माफी मागितली नव्हती. त्याला काही मिळालं नव्हतं. उलट तीच त्याच्या हातात एक काम देऊन बसली होती, आणि ते तिथंच टाकून यायला हवं होतं तर तो ते घेऊन निघाला होता. छावणीच्या रस्त्यावर दुकानांत दिवे लागत होते. खामच्या पुलावर तो थांबला. म्हशी गेल्या होत्या. त्यानं गाळाकडं बघून म्हटलं, "वच्छला." ऐकायला कुणी असल्याची खात्री नव्हती. पूर्वी होती, म्हणून तर तो हसला होता. आता खात्री नव्हती आणि आवाज मात्र निघाला होता. पुढं काय म्हणायचं? तिला सांभाळ? कुणापासून? तिला शांती दे? तिनं ताट ढकललं ते त्याला बरोबर वाटत होतं. त्याचे ओठ पुन्हा हलले आणि त्यानं ती हालचाल ओळखली, स्टेशन रोडवरची, दाढीच्या आरशापुढची. या वेळी त्यानं ओठ दाताखाली धरला नाही. "वच्छला," तो मोठ्यानं म्हणाला, "वच्छला! ऐकू येतंय का तुला? दाराआड होती ती. तुला तरी दिसली होती का?" शेजारून जाणाऱ्या सायकलस्वारानं वळून पाहिलं. सांडू पायडल मारत निघाला आणि पदमपुऱ्यापर्यंत नाव घेत गेला, चढावर दम लागला तेव्हाही, धापेसरशी.

घरात वच्छला स्टोव्हवर भाकरी भाजत होती. मागं वळून न बघता तिनं विचारलं, "सांगितलं का बंद करायला?"

"सांगितलं."

"मग?"

"नाय म्हणाल्या." तो भिंतीशी टेकून बसला. "पोरीचं नाव चुकीचं घेत होत्या. मालिनी. मी शालिनी म्हणून सांगितलं."

भाकरी थापणारे हात परातीत थांबले. इतक्या वर्षांनी ते नाव घरात आलं होतं आणि स्टोव्हच्या आवाजात कुठं ठेवावं ते दोघांनाही कळत नव्हतं. ती म्हणाली, "आन् माझं?"

"तुझं मी घेतलं. पुलावर."

आता ती वळली. पिठाचा हात तसाच वर धरून तिनं त्याच्याकडं निरखून पाहिलं. "तुम्ही? काय म्हणलात?"

"काही नाही. नुसतं नाव. पुढचं काही आलं नाही. ओरडलो थोडं."

"रागानं घेतलं का?"

"हो."

"मग घेत जा माझं नाव," वच्छला म्हणाली, आणि करपायला आलेली भाकरी तिनं उलटली.